गल्फच्या नोकरीसाठी गरिबानेच पैसे का भरायचे?

माननीय संपादक यांस,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेने बेड्या घालून परत पाठवलेल्या लोकांचं पहिलं विमान अमृतसरला उतरलं, त्यातल्या 104 जणांमध्ये 33 जण आपल्या गुजरातचे होते, आणि तेव्हापासून डंकी म्हणजे चोरट्या वाटेने परदेशी जाणं, मेक्सिकोचा रस्ता, एजंटांनी उकळलेले लाखो रुपये यावर सगळ्याच पेपरांत खूप छापून आलं. यायलाच हवं होतं. पण त्याच काळात आपल्या बडोद्यातून वेल्डर, पाइप फिटर, रिगर, शटरिंग कारपेंटर, साधे हेल्पर अशी कितीतरी माणसं सौदी, कतार, ओमान, दुबईला गेली, रीतसर व्हिसा काढून गेली, कुठलीही बॉर्डर चोरून ओलांडली नाही, आणि तरी जाताना डोक्यावर कर्ज घेऊनच गेली, त्यांच्याबद्दल मला कुठे काही वाचल्याचं आठवत नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

माझी नोकरी सहकारी बँकेत कर्ज विभागात झाली. रिटायर झाल्यापासून आमच्या वाडी-नवापुरा भागातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, पासपोर्टची अपॉइंटमेंट, पेन्शनचं लाइफ सर्टिफिकेट, असली कामं. त्यामुळे कोण कुठे चाललंय आणि कशाच्या जोरावर चाललंय ते कळतं. बँकेत असतानाही कळायचं, कारण सोनं तारण ठेवायला येणाऱ्या बायकांना कारण विचारावं लागायचं आणि त्या फॉर्मवर "घरखर्च" लिहायला सांगायच्या, पण बोलता बोलता खरं निघायचं की मुलाला बाहेर पाठवायचंय.

एका घराचं सविस्तर सांगते, नाव नाही देत. मुलगा आयटीआय वेल्डर, रिफायनरीच्या शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवतात तेव्हा) आणि नंदेसरीकडच्या कंपन्यांत कॉन्ट्रॅक्टरकडे काम करायचा, काम असेल त्या महिन्यात सोळा-सतरा हजार, नसेल तेव्हा घरी. त्याच्या आईने एक वही ठेवलीये, दोनशे पानी, पुढच्या पानांवर भिशीचा हिशोब आणि मागून उघडली की मुलाच्या सौदीचा. मी ती वही बघितली. पासपोर्ट 1,500. पोलीस क्लिअरन्स 500. ट्रेड टेस्ट 2,000. मेडिकल 7,500, कारण मेडिकल दोनदा झालं, व्हिसा यायला उशीर झाला आणि पहिल्याची मुदत संपली, म्हणून परत रक्त, परत एक्स-रे, परत फी, सगळी ह्यांच्याच खिशातून. सर्टिफिकेटचं अटेस्टेशन 6,000. मुंबईच्या फेऱ्या, त्यात रात्री स्टेशनवर काढली ती धरून, 6,500. तिकीट 18,000. आणि शेवटी "ऑफिसला" म्हणून 1,10,000. एकूण 1,52,000 रुपये. ह्या ऑफिसच्या एक लाख दहा हजारापैकी पावती किती रुपयांची मिळाली माहितीये? 35,400 ची. बाकीचे कॅश, पाचशेच्या नोटा, आणि त्या घेणारा माणूस ऑफिसातला नव्हताच, ओळखीतून आलेला "भाई" होता जो बसस्टँडच्या समोर चहाच्या टपरीवर भेटायचा आणि ज्याचा नंबर मुलगा गेल्यावर महिन्याभरात बंद झाला.

हा 35,400 आकडा कुठून आला ते सांगते, कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. रजिस्टर्ड रिक्रूटिंग एजंटने बाहेर जाणाऱ्या कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये सर्व्हिस चार्ज घ्यायचा असा सरकारी नियम आहे, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. पावती द्यायलाच लागते. म्हणजे कागदावर सगळं एकदम कायद्यात बसलेलं, एजंटची फाइल स्वच्छ, कोणी इन्स्पेक्शनला आलं तर पावतीबुक हजर. जो जास्तीचा पैसा गेला त्याचा पुरावा फक्त त्या माउलीच्या वहीत आहे आणि वही कोर्टात किती टिकते ते वकिलाला विचारा.

आता पैसे आणले कुठून. घरात साठवलेले बावीस हजार, पाटल्या ठेवून सत्तर हजार, आणि साठ हजार खाजगी सावकाराकडून तीन टक्क्याने. तीन टक्के म्हणजे महिन्याला, वर्षाला नाही. साठ हजाराचं महिन्याला अठराशे व्याज, पाटल्यांचं सातशेच्या आसपास, म्हणजे मुलाने विमानात पाय ठेवल्या दिवसापासून महिन्याला अडीच हजार चालू, आणि मुद्दल जागच्या जागी. जाताना सांगितलं होतं 1,500 रियाल पगार अधिक ओव्हरटाइम. पोचल्यावर दुसरा कागद पुढे आला, अरबी आणि इंग्रजीतला, त्यावर 1,100. जेवणाचे 300 कापणार. पहिला पगार हातात यायला अडीच महिने लागले. 800 रियाल म्हणजे साधारण अठरा हजार रुपये, त्यातून फोनचं रिचार्ज, साबण, चप्पल, आजारपण जाऊन घरी चौदा हजार आले तर खूप. बडोद्यात सोळा हजार मिळवून रात्री घरी झोपायला येणारा मुलगा तिकडे पन्नास डिग्रीच्या उन्हात पाइपलाइनवर वेल्डिंग करून चौदा हजार पाठवतो आणि त्यातले अडीच हजार सावकार आणि सोनं खातं. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष तो स्वतःसाठी कमवतच नाही, तो ज्यांनी त्याला पाठवलं त्यांच्यासाठी कमवतो.

जाऊन फायदा होतच नाही असं माझं म्हणणं नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर लोक म्हणतील ह्या बाईंना घरी बसून काय कळतं. आमच्याच भागात दोन मजली घरं उभी राहिली आहेत गल्फच्या पैशावर, बहिणींची लग्नं झाली, एकाने परत येऊन मकरपुरा जीआयडीसीत स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड टाकलं. 2024 साली बाहेरच्या भारतीयांनी देशात 129 अब्ज डॉलर पाठवले असा वर्ल्ड बँकेचा अंदाज आहे, जगात कुठल्याच देशाला एवढा पैसा येत नाही, आणि त्यातला मोठा वाटा अजून गल्फमधून येतो. पण हा पैसा येतो म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या आणि तो कमवायला जाताना माणसाला आधी किती लुटलं गेलं हे विचारायचं नाही, हे कसं चालेल.

आणि कर्जाचं दुखणं नुसतं व्याजाचं नाही हो. कर्ज घेऊन गेलेला माणूस "नाही" म्हणू शकत नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं. दुसरं कॉन्ट्रॅक्ट पुढे केलं, सही कर. पासपोर्ट कंपनीकडे ठेव, ठेवला. दहा जणांच्या खोलीत अठरा जण, राहतो. सेफ्टी बेल्ट नाही, चढतो. बडोद्यात हाच मुलगा कॉन्ट्रॅक्टरने दोन दिवसांचे पैसे कापले तर हातातला होल्डर टाकून घरी आलेला मी बघितलाय, आणि तिकडे तो चार महिने ओव्हरटाइम न मिळता गप्प राहिला, कारण परत यायचं म्हणजे पाटल्या गेल्या, सावकार दारात, आणि वर लोक विचारणार की कसा रे आलास. आईला फोनवर "सगळं बरं आहे" म्हणायचा. 12 जून 2024 ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या बिल्डिंगला आग लागली, 45 भारतीय गेले, पहाटे झोपेत असताना धुराने. त्यातल्या कोणावर किती कर्ज होतं मला माहीत नाही, पण असल्या दाटीच्या बिल्डिंगमध्ये माणसं का राहतात, सोडून का जात नाहीत, ह्याचं उत्तर मला वाटतं बरंचसं त्यांच्या गावाकडच्या उधारीच्या वहीत सापडेल.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपल्या युनिव्हर्सिटीतून इंजिनीअर झालेला मुलगा दुबईला जातो तेव्हा व्हिसा कंपनी काढते, तिकीट कंपनी देते, पहिले काही दिवस राहायची सोय कंपनीची, वर जॉइनिंगचे पैसे. त्याच कंपनीच्या त्याच साइटवर जाणारा हेल्पर मात्र व्हिसापासून तिकिटापर्यंत सगळं स्वतः भरतो. ज्याचा पगार दहापट त्याला फुकट आणि ज्याचा पगार सगळ्यात कमी त्याने सहा महिन्यांचा पगार आधी मोजायचा, हा कुठला न्याय? आणि ही फक्त आपली तक्रार नाही. इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशनने 1997 च्या आपल्या 181 नंबरच्या करारातच म्हटलंय की प्रायव्हेट एजन्सीने कामगाराकडून सरळ किंवा आडून, कुठल्याच मार्गाने फी घ्यायची नाही. भारताने तो करार अजून मान्य केलेला नाही. बरं, गल्फचे स्वतःचे कायदे बघा, सौदीच्या लेबर लॉमध्ये परदेशी कामगार आणण्याचा खर्च, इकाम्याची (तिथल्या राहण्याच्या परवान्याची) फी, वर्क परमिट, काम संपल्यावर परतीचं तिकीट हे सगळं मालकाच्या डोक्यावर लिहिलेलं आहे. युएईच्या 2021 च्या कायद्यातही भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही असंच आहे. म्हणजे जिथे काम करायचं तिथला कायदा सांगतो मालक देईल, आणि इथे मुलगा पाटल्या गहाण टाकतो.

मग पैसा जातो कुठे? मला ह्या धंद्यात पूर्वी असलेल्या एका गृहस्थांनी समजावलं ते जसं कळलं तसं लिहिते. तिकडच्या कंपनीला दोनशे माणसं हवी असतात, ती डिमांड लेटर काढते. खरं तर कंपनीने एजंटला प्रत्येक माणसामागे पैसे द्यायला पाहिजेत, पण इकडे एजंट इतके झालेत, आणि नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान सगळेच रांगेत उभे, की उलटं होतं, डिमांड लेटर मिळवायला एजंटच तिकडच्या मधल्या माणसाला पैसे देतो. कंपनीतला कोणीतरी खातो, तिकडचा दलाल खातो, मग मुंबईचं ऑफिस, मग आपल्याकडची कन्सल्टन्सी, मग टपरीवरचा भाई. प्रत्येक जण आपला हिस्सा वर चढवतो आणि शेवटी सगळा भार ज्याच्याकडे पुढे ढकलायला कोणी उरत नाही त्या पोरावर येतो. आणि "आझाद व्हिसा" म्हणून अजून एक प्रकार आहे, कुठल्यातरी कफीलच्या, म्हणजे तिकडच्या स्पॉन्सर मालकाच्या, नावावर व्हिसा विकत घ्यायचा, तिथे गेल्यावर काम आपलं आपण शोधायचं, हा तर अजून महाग आणि पकडलं गेलं तर सरळ जेल आणि डिपोर्ट. ह्या व्हिसाचे लोक पैसे जास्त देतात कारण त्यांना वाटतं मालकाच्या कटकटीतून सुटलो. सुटत नाहीत.

बाकीच्या देशांनी काय केलं ते बघितलं तर आपण किती ढिले आहोत ते कळतं. फिलिपीन्समध्ये एजंटने जास्तीत जास्त एका महिन्याचा पगार घ्यायचा, आणि घरकामाला जाणाऱ्या बायकांकडून तर काहीच नाही. नेपाळने 2015 साली गल्फ आणि मलेशियासाठी व्हिसा आणि तिकीट मालकाचं, असा नियम केला, एजंटला फार तर नेपाळी दहा हजार. पूर्ण पाळला जात नाही हे खरं, पण निदान तिथल्या पोराला भांडायला कागद आहे. बांगलादेशात सरकारी सर्व्हे झाला 2020 साली, तिथे माणूस सरासरी चार लाख टाकाच्या वर खर्च करून जातो आणि तो वसूल व्हायला सतरा-साडेसतरा महिने लागतात असं निघालं. निदान मोजलं तरी! युनायटेड नेशन्सच्या 2030 च्या उद्दिष्टांमध्ये हाच आकडा मागितलेला आहे, की कामगाराने नोकरी मिळवायला किती महिन्यांची कमाई घातली, आणि माझी अपेक्षा आहे की आपल्याकडे जिल्ह्या-जिल्ह्यात हा आकडा काढावा, बडोद्याचाही काढावा. साउथ कोरियाने तर 2004 पासून सरकार ते सरकार अशी भरती चालू केली, मधला एजंटच काढून टाकला, तिथे जाणाऱ्यांचा खर्च खूप खाली आला. आपल्याच देशात केरळची ओडेपेक आणि तेलंगणची टॉमकॉम ह्या सरकारी कंपन्या स्वतः बाहेरची भरती करतात. आणि कतारमध्ये वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या कामांवर कॉन्ट्रॅक्टर कंपन्यांकडून कामगारांनी गावाकडे एजंटला भरलेले पैसे महिन्या-महिन्याने परत करून घेतले गेले. पावती नसली तरी दिले, कारण सगळ्यांना माहीत होतं की पावती कोणी देतच नाही. म्हणजे मालकाकडून पैसे निघतात. मागणारा खमका लागतो.

आपला कायदा 1983 चा आहे, एमिग्रेशन अॅक्ट. त्यात रजिस्ट्रेशन नसताना भरती करणाऱ्याला शिक्षा दोन वर्षांपर्यंत जेल आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. दोन हजार! 1983 मध्ये ती रक्कम मोठी असेल, आज ते ट्रेड टेस्टचे पैसे आहेत. नवीन कायद्याचा मसुदा 2021 ला आला, 2025 ला परत वेगळा आला, आणि मसुद्यांवर मसुदे निघेपर्यंत इकडे वर्षाला किती पोरं जातात. अजून एक भोक आहे ते तर आपल्या बडोद्यासारख्या शहराला थेट लागू होतं. दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा, असतो, त्याला सौदी, कुवेत, मलेशिया धरून 18 देशांत नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स ह्या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते, कॉन्ट्रॅक्ट ई-मायग्रेट ह्या सरकारी वेबसाइटवर चढतं, विमा काढावाच लागतो. पण आपली मुलं बहुतेक दहावी पास, आयटीआय झालेली, त्यांचा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे ही तपासणी न लागणारा, त्यामुळे कोणी काही तपासत नाही, कोणाकडे नोंद नाही. दहावी पास झाला म्हणून वेल्डरला अरबी वाचता येतं का? आणि जे दहावी पास नाहीत त्यांना एजंट व्हिजिट व्हिसावर दुबईला नेतो आणि तिकडे गेल्यावर बघू म्हणतो, म्हणजे परवानगीच नको. व्हिजिट व्हिसावर काम करणारा तिथे गुन्हेगार ठरतो, पगार बुडाला तर तक्रारीलाही जाता येत नाही. ह्याबाबतीत घरच्यांना हात जोडून सांगते, व्हिजिट व्हिसावर नोकरीला पाठवू नका, कितीही जवळचा माणूस सांगत असला तरी.

विम्याचं सांगायचं राहिलं. प्रवासी भारतीय बीमा योजना, दोन वर्षांचे 275 रुपये आणि तीन वर्षांचे 375, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. दीड लाख खर्च करून जाणाऱ्या माणसाच्या घरी ह्या पॉलिसीचा कागद असतो का विचारा. बहुतेक वेळा एजंटच्या फाइलमध्ये पडलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. फोटो काढून आई किंवा बायकोच्या मोबाइलवर ठेवा, एवढं तरी करा.

कोणी म्हणेल, जातात कशाला मग, इथे कामं कमी आहेत का. हे बोलणारे बहुतेक ज्यांची स्वतःची मुलं कॅनडाला आहेत ते असतात. शटडाऊनचं काम वर्षात काही महिने असतं, कॉन्ट्रॅक्टर पीएफ कापतो आणि भरत नाही, चाळीशीनंतर उंचावर चढणाऱ्याला कोणी घेत नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाने चार वर्षं बाहेर राहून घराचं छप्पर पक्कं करावं म्हटलं तर त्यात चूक काय. आणि बडोद्याच्या माणसाने तर हे बोलूच नये. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं ते हाताने काम करणाऱ्याला शिक्षण आणि मान मिळावा म्हणून. 1913 साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला शिकायला गेले ते बडोदा संस्थानच्या स्कॉलरशिपवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. गुणी माणूस बाहेर जातोय तर खर्च राज्याने उचलायचा ही ह्या गावाची रीत आहे. तरसालीच्या आयटीआयमधून निघालेल्या मुलाला महाराजांसारखी स्कॉलरशिप कोणी देणार नाही, पण त्याच आयटीआयमध्ये आठवड्यातून एक दिवस कोणीतरी बसून त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाचून दाखवेल, एजंट खरा की खोटा तपासून देईल, एवढं तर सरकार करू शकतं ना?

आता आपल्या पेपरबद्दल, राग मानू नका. छोट्या जाहिरातींमध्ये "गल्फसाठी पाहिजेत, वेल्डर, फिटर, हेल्पर, जेवण-राहणं फ्री, त्वरित व्हिसा" आणि खाली फक्त एक मोबाइल नंबर, अशा जाहिराती सगळ्याच पेपरांत येतात, आपल्याही येतात. रजिस्टर्ड एजंटने ऑफिसमध्ये आणि जाहिरातीत, पेपर असो की सोशल मीडिया, लायसन्स नंबर ठळक लावायचा असतो असं परराष्ट्र मंत्रालय स्वतः सांगतं. म्हणजे ज्या जाहिरातीत नंबर नाही ती घेऊच नये, एवढा एक नियम आपल्या जाहिरात खात्याने केला तर पेपरचं फार नुकसान होणार नाही आणि पुष्कळ घरं वाचतील. नंबर दिला असेल तर तो ई-मायग्रेटच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो, खरा असेल तर एजंटचं नाव-पत्ता आणि लायसन्स चालू आहे की बंद ते येतं. मोबाइलवर होतं, पाच मिनिटांचं काम. ज्यांना जमत नाही त्यांनी 1800 11 3090 ह्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या टोल फ्री नंबरवर विचारावं. आणि ज्यांची फसवणूक झालीये त्यांना पोलिसांनी "दिल्लीची परवानगी लागते" म्हणून परत पाठवलं तर लक्षात ठेवा, फसलेला माणूस स्वतः किंवा त्याचे आई, वडील, बायको, भाऊ, बहीण यांच्यापैकी कोणी तक्रार करत असेल तर एमिग्रेशन अॅक्टखालच्या केससाठी केंद्राच्या परवानगीची गरज नाही, कायद्यातच लिहिलंय.

शेवटचं, आणि हे मी खास आपल्या मराठी पतपेढ्या आणि सहकारी बँका चालवणाऱ्यांसाठी लिहितेय कारण मी त्यांच्यातलीच आहे. आपण टीव्हीला कर्ज देतो, स्कूटरला देतो, लग्नाला देतो. बाहेर नोकरीला जाणाऱ्याला देत नाही, कारण तारण नाही, जामीन मिळत नाही, माणूस देशाबाहेर. मग तो तीन टक्क्यांकडे जातो. मालकाने सगळा खर्च द्यायला पाहिजे हे माझं मत पक्कं आहे, पण ते होईस्तोवर निदान सावकार तरी मधून जावा. पस्तीस-चाळीस हजारांचं छोटं कर्ज, बँकेच्या नेहमीच्या व्याजाने, रक्कम कर्जदाराच्या हातात न देता रजिस्टर्ड एजंटच्या नावाने डीडी किंवा ट्रान्सफर, सोबत ई-मायग्रेटचा प्रिंटआउट, कॉन्ट्रॅक्टची कॉपी आणि विम्याचा कागद फाइलला, हप्ता तीन महिन्यांनंतर चालू. असं केलं तर दोन गोष्टी आपोआप होतात. एजंटला कॅश मागताना विचार करावा लागतो, कारण बँक मधे आहे आणि 35,400 च्या वर एक रुपयाही तिच्याकडून सुटणार नाही. आणि ज्याच्याकडे लायसन्सच नाही तो एजंट पहिल्याच पायरीला गळतो. बुडीत जाण्याची भीती मला मान्य आहे, चाळीस वर्षं तीच भीती बघितली, पण पाटल्या घेऊन येणाऱ्या त्या बायकांनी एक हप्ता चुकवलेला मला क्वचितच आठवतो.

ह्यावर पतपेढ्यांच्या संचालकांपैकी कोणी आपल्या पेपरात लिहिलं, विरोधात लिहिलं तरी चालेल, तर फार बरं होईल. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायच्या असतात, त्याच्या आधी चर्चा झाली तर यंदाच ठराव मांडता येईल आणि मांडायला मी तयार आहे, अनुमोदक हवाय.

आपली,
एक वाचक (निवृत्त बँक कर्मचारी),
वाडी, बडोदा